पुणे–इंदूर : अंतर तेच, वेळ वेगळी

पुणे आणि इंदूर यांच्यामध्ये अंतर किती, असे आपल्यापैकी कोणत्याही घरात विचारले तर तीन पिढ्या तीन उत्तरे देतात. आजोबा खंडव्याला गाडी बदलण्यापासून सुरुवात करतात, वडील रात्रीच्या बसचे तास मोजतात, आणि नातवंडे ‘तासाभराची तर फ्लाइट आहे’ असे म्हणून मोकळी होतात. किलोमीटरमध्ये उत्तर कोणीच देत नाही. अंतर आपण नेहमी वेळेतच मोजत आलो आहोत.

यंदाच्या स्मरणिकेत आम्ही या एकाच अंतराचा इतिहास मांडायचे ठरवले. इंदूरची मराठी वस्ती इथे का रुजली आणि तिने इथे आपल्या संस्था का उभ्या केल्या, या प्रश्नांचे बरेचसे उत्तर पुणे ते इंदूर जायला किती दिवस लागत यात सापडते. तो वेळ आता एका तासावर आला आहे. पुढे काय, हा प्रश्नही त्यातूनच निघतो.

नकाशावरची रेघ

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ यांच्यामधले सरळ हवाई अंतर ५०० किलोमीटरला किंचित कमी आहे. वैमानिकांच्या भाषेत सुमारे २७० नॉटिकल मैल. रस्त्याने हेच अंतर साधारण ६०० किलोमीटर भरते. रेल्वेने मात्र गंमत आहे. आजची पुणे–इंदूर गाडी कल्याण, वसई, सुरत, वडोदरा, रतलाम, उज्जैन असा मोठा वळसा घेऊन येते आणि ९५० किलोमीटरहून अधिक धावते. म्हणजे सरळ रेघेच्या जवळजवळ दुप्पट.

हा फरक का पडतो, ते जमिनीकडे पाहिले की कळते. पुणे आणि इंदूर ही दोन्ही शहरे पठारावरची. दोन्ही विमानतळांची उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे ते सहाशे मीटरच्या दरम्यान. पण या दोन पठारांच्या मधे काय काय आहे! प्रवरा आणि गोदावरी ओलांडायच्या, सातमाळ्याची रांग पार करून खानदेशात उतरायचे, पांझरा आणि तापी ओलांडायच्या, सेंधव्याकडे बिजासनच्या घाटाने सातपुडा चढायचा, निमाडात उतरून खलघाटाला नर्मदा गाठायची, आणि मग विंध्याचा घाट चढून मानपूर, महूमार्गे माळव्याच्या पठारावर यायचे. विमान हे सगळे खाली सोडून जाते. आपले पूर्वज यातले प्रत्येक पाऊल चालून आले.

एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी. लोहगावपासून इंदूरच्या विमानतळापर्यंत नकाशावर पट्टीने सरळ रेघ ओढली, तर ती नर्मदा जवळजवळ महेश्वरपाशीच ओलांडते. ज्यांचे नाव विमानतळाला दिले, त्यांची राजधानी त्या रेघेखालीच आहे.

महिन्याची वाट

होळकर घराण्याचे मूळ गाव नीरेकाठचे होळ. मल्हारराव लहानपणी मामांकडे, भोजराज बारगळांकडे, खानदेशातल्या तळोद्याला आले. तिथून पुढे बाजीराव पेशव्यांच्या मोहिमांतून माळव्यात. होळहून तळोदे आणि तळोद्याहून माळवा, असे टप्प्याटप्प्याने हे घराणे उत्तरेकडे सरकले. १७२८ मध्ये अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजीअप्पांनी विजय मिळवला आणि माळव्याचे दार उघडले. १७३० च्या दशकात होळकर, शिंदे आणि पवार यांची ठाणी माळव्यात पक्की झाली.

त्या काळी लवाजमा आणि बायकामुलांसह निघालेला तांडा रोज सहा-सात कोस, म्हणजे वीसेक किलोमीटर, चालला तरी पुष्कळ. त्या हिशेबाने पुण्याहून इंदूरला यायला एक महिना लागे. तोही वाट सुरळीत असली तर. पावसाळ्यात तापी आणि नर्मदा भरून वाहत, म्हणून चार महिने छावणी करून राहायचे आणि दसऱ्याला शिलंगण करून बाहेर पडायचे, असा वर्षाचा क्रमच ठरलेला होता. वर्षातला तिसरा हिस्सा हे अंतर जवळजवळ बंदच असे.

माणसाहून बातमी वेगाने जाई, पण तिलाही मर्यादा होतीच. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर घात झाला. नानासाहेब पेशवे तेव्हा स्वतः उत्तरेकडे निघून माळव्यात पोहोचलेले होते, तरी त्यांच्यापर्यंत ती बातमी यायला सुमारे दहा दिवस लागले.

या संथ अंतराचा राज्यकारभारावर काय परिणाम होई, हे १७६७ मध्ये दिसले. मालेरावांच्या निधनानंतर होळकरांच्या दौलतीवर राघोबादादांची नजर पडली. अहिल्याबाईंनी पुण्याला थोरल्या माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. पण हरकाऱ्यांनी कितीही धाव घेतली तरी पत्र जाऊन उत्तर यायला दिवस लागणारच होते. तेवढ्या दिवसांत फौज, शेजारचे सरदार आणि धीर, हे सगळे त्यांना इथल्या इथेच गोळा करावे लागले. पुण्याचा कौल त्यांच्या बाजूने आला खरा, पण तो येईपर्यंत त्या उभ्या होत्या म्हणून त्याला अर्थ राहिला. पुढे १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वरहून राज्य केले. निर्णय इथेच घ्यायचा आणि त्याची जबाबदारीही इथेच घ्यायची, ही सवय माळव्यातल्या मराठी माणसाला या अंतराने लावली.

आपल्या घरांची गोष्टही वेगळी नाही. सरदारांमागून फडणीस, चिटणीस, पोतनीस, वैद्य, पुजारी, शिलेदार आणि कारागीर आले. महिन्याची वाट कोणी दरवर्षी चालत नाही. गावाकडचा वाडा भावाकडे राहिला, कुलदैवताला जाणे पिढीतून एकदा झाले, आणि देवघरात टाक तेवढे सोबत आले. तिकडे कोणी गेले तर बातमी पोहोचेपर्यंत दहावे-तेरावे उलटून जाई. दहा दिवसांनंतर कळले तर तीन दिवसांचे सुतक धरायचे, ही रीत आपल्या आज्यांना तोंडपाठ होती, कारण तिची गरज वारंवार पडे.

याच वाटेने फौजा उलट्याही गेल्या. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. आज इंदूरचे विमान लोहगावला उतरते, ते ठिकाण त्या रणभूमीपासून फार लांब नाही. पुढे डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई होळकरांनी गमावली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. त्याच वर्षी पेशवाई बुडाली. पुण्याशी असलेले सत्तेचे नाते तुटले, नात्यागोत्याचे आणि भाषेचे तेवढे उरले.

खंडव्याला गाडी बदला

महिन्याचे दिवस झाले ते रेल्वेमुळे. १८६० च्या दशकात बोरघाट आणि थळघाट या दोन्ही घाटांतून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन चढली आणि पुढे भुसावळवरून खंडव्याला पोहोचली. खंडवा ते इंदूर एवढाच तुकडा उरला. तो जोडला जावा म्हणून महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. मुदत १०१ वर्षे आणि व्याज साडेचार टक्के. संस्थानिकाने सरकारला रेल्वेसाठी कर्ज द्यावे, ही त्या काळातली विलक्षणच घटना. १८७४ मध्ये खंडवा–सनावद गाडी सुरू झाली, १८७६ मध्ये नर्मदेवरचा पूल खुला झाला, आणि पुढच्या वर्षभरात मीटर गेजची होळकर स्टेट रेल्वे घाट चढून इंदूरला आली. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लाइन झाल्यावर पुण्याहून थेट मनमाडमार्गे खंडवा गाठता येऊ लागले.

एक महिन्याचा प्रवास दोन दिवसांच्या आत आला. या बदलाची तुलना पुढच्या कोणत्याच बदलाशी होणार नाही. विमानाने दिवसाचा तास केला, पण रेल्वेने जन्मात एकदा होणारा प्रवास दरवर्षीचा केला. सासरी आलेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाऊ शकली. पुणे-सातारा, कोकण, नागपूरकडची स्थळे इंदूरसाठी पाहिली जाऊ लागली. १८८१ मध्ये निघालेला ‘केसरी’ टपालाने येऊ लागला. कीर्तनकार, गवई आणि नाटकमंडळ्या येऊ लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात लोकमान्यांनी ज्या सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, त्याची हकिकत वाचणारी मराठी घरे तेव्हा रेल्वेच्या वाटेवर गावोगाव होती.

खंडव्याच्या फलाटावर होल्डॉल आणि फिरकीचा तांब्या सांभाळत छोट्या गाडीची वाट पाहणे, ओंकारेश्वर रोड स्टेशनजवळच्या पुलावरून नर्मदेत पैसा टाकून हात जोडणे, कालाकुंडला कलाकंदाचा द्रोण घेणे आणि पाताळपाणीचा धबधबा दिसला की ‘आलेच घर’ म्हणणे, ही आपल्या तीन-चार पिढ्यांची सामाईक आठवण आहे. मीटर गेजची ती सलग वाट आता इतिहासजमा झाली. पाताळपाणी ते कालाकुंड हा तुकडा तेवढा वारसा गाडीसाठी राखला आहे.

रेल्वेने महाराष्ट्र जवळ आला, पण इतकाही जवळ आला नाही की इथल्या संस्थांची गरज संपावी. पुण्याचे व्याख्यान ऐकायला रोज जाता येत नव्हते, म्हणून व्याख्याते इथे बोलवायचे. पुण्याचे ग्रंथालय हाताशी नव्हते, म्हणून आपले उभारायचे. इंदूरची महाराष्ट्र साहित्य सभा १९१५ ची. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले. १९३५ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी अध्यक्ष असलेले संमेलन पुन्हा इथेच झाले. दोन दिवसांचे अंतर ही जणू योग्य मात्रा होती. येणे-जाणे व्हावे इतके जवळ, आणि आपले आपल्याला करावे लागावे इतके दूर.

बिजासनच्या टेकडीशेजारी

संमेलनाच्या त्याच १९३५ साली इंदूरच्या पश्चिमेला, बिजासन मातेच्या टेकडीजवळ, विमानतळाची जागा ठरली. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्या काळातली ही गोष्ट. जागा पाहण्याच्या कामी टाटांच्या विमानसेवेचे नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेतला होता. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले, तेव्हा मुंबईहून पुढे मद्रासला ते नेणारे हेच व्हिन्सेंट. १९३७ मध्ये टाटांची मुंबई–दिल्ली सेवा सुरू झाली आणि वाटेतल्या थांब्यांत इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर ही नावे आली. संस्थानांच्या राजधान्या हवाई नकाशावर आल्या त्या अशा.

योगायोग असा, की जुन्या वाटेवर सातपुड्याच्या घाटात बिजासन माता आहे आणि नव्या वाटेच्या टोकाला, धावपट्टीशेजारीही बिजासन माताच आहे. पायी येणारा घाटात हात जोडी, विमानाने येणारा खिडकीतून टेकडी दिसली की जोडतो.

स्वातंत्र्यानंतर जुलै १९४८ पासून इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईची विमाने सुरू झाली. एप्रिल १९५० मध्ये विमानतळ केंद्र सरकारकडे गेला, आणि १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स आली. पण पुण्याला जाणाऱ्याला याचा उपयोग आडवळणानेच होता. विमानाने मुंबई गाठायची आणि तिथून डेक्कन क्वीन पकडायची. बहुतेक घरांना ते परवडतही नव्हते, त्यामुळे खंडव्याची वाट वाहतीच राहिली. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला, खासगी कंपन्या वाढल्या, आणि काही वर्षांत पुणे–इंदूर अशी थेट विमाने दिसू लागली.

आता वेळेचा हिशेब पाहू. १९३२ सालचे टपाल विमान ताशी सुमारे १६० किलोमीटर जाई. त्याला हे ५०० किलोमीटर तोडायला तीन तासांहून जास्त लागले असते. पुढच्या काळातल्या डकोटाला दोन तासांच्या जवळपास. आजचे जेट पूर्ण वेगात ताशी ८०० किलोमीटरच्या वर उडते, म्हणजे गणिताने पाऊण तासाच्या आत पोहोचायला हवे. पण वेळापत्रकात एक ते सव्वा तास लिहिलेला असतो. त्याला कारणे आहेत. इतक्या कमी अंतरात विमानाचा पुष्कळ वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो, पूर्ण वेगाचा टप्पा थोडाच मिळतो. विमान नकाशावरच्या सरळ रेघेने जात नाही, आखून दिलेल्या हवाई मार्गांनी जाते. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, तेव्हा तिथली ये-जा त्यांच्या सोयीने चालते. शिवाय विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्या सव्वा तासात धरलेला असतो.

घरापासून घरापर्यंत मोजले तर चित्र आणखी बदलते. विमानतळावर दोन तास आधी पोहोचायचे, सामानाची वाट पाहायची, पुण्याच्या गर्दीतून हिंजवडी गाठायची. तासाभराच्या उड्डाणाचे पाच तास सहज होतात. रात्री निघून सकाळी पोहोचवणाऱ्या स्लीपर बस म्हणूनच आजही भरून जातात, आणि आपली बहुतेक मुले दिवाळीला त्याच बसने येतात.

तासाभरावर आलेली माणसे

अठराव्या शतकात माणसे दख्खनेतून माळव्याकडे येत होती. आता ओघ उलटा आहे. आपली मुले शिकायला आणि नोकरीला पुण्याला जातात, हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात घरे घेतात आणि तिकडचीच होतात. गंमत अशी, की इंदुरात आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘मराठी’ म्हणून ओळखले जातो आणि ही मुले पुण्यात ‘इंदोरी’ म्हणून. त्यांच्या मराठीतले हिंदी वळण तिकडच्या कानांना लगेच कळते, आणि पोह्यांबरोबर जिलबी मागितली की उरलेली शंकाही फिटते.

जवळिकीचा लाभ मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. आईला दवाखान्यात नेले असा फोन दुपारी गेला तर मुलगा रात्री उशाशी असतो. ‘ऐकल्यावर तीन दिवस’ ही सुतकाची रीत आता कोणाला विचारावी लागत नाही. ज्या घरांनी शेकडो वर्षे आपल्या माणसांचे शेवटचे दर्शन चुकवले, त्यांना या तासाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण त्याच तासाने एक प्रश्नही आणला आहे. दूर होतो म्हणून आपण इथे उभारले. आता दूर नाही, तर ते टिकवायचे कशासाठी? दहा दिवसांचा उत्सव मुलांच्या सोयीने दीड दिवसावर येतो. काही घरांचे गणपतीच पुण्याला गेले. वाचनालयात मराठी पुस्तकांचे सभासद पिकलेल्या केसांचे आहेत. नाटक पुण्यातच पाहिले, व्याख्यान मोबाइलवरच ऐकले, मग मंडळात यायचे कशाला, असे कोणी विचारले तर ते चूक म्हणता येत नाही.

आमचे उत्तर असे. इथली मराठी वस्ती हा पुण्याचा लांब राहिलेला तुकडा नाही. १७६७ मध्ये अहिल्याबाईंनी निर्णय इथे घेतला, १८७० मध्ये तुकोजीरावांनी आपल्या तिजोरीतून रेल्वे आणली, १९१५ मध्ये इथल्या माणसांनी इथली सभा काढली. मालव्याच्या मातीत, माळवी-निमाडी शेजाऱ्यांच्या सोबतीने आणि अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्यांची मिरवणूक पाहत जे मराठीपण घडले, ते पुण्याला विमानाने जाऊन मिळणारे नाही. ते इथे जपले नाही तर कुठेच उरणार नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये उपचारासाठी देवासला आले आणि माळव्याच्या लोकगीतांतून त्यांचे गाणे नव्याने उभे राहिले. दूरच्या जागेलाही स्वतःचे काही देता येते, याला याहून मोठा दाखला कशाला?

म्हणून आमची एक साधी विनंती आहे. आपले घराणे इथे कोणत्या गावाहून, कोणाबरोबर, साधारण कोणत्या काळात आणि कोणत्या वाटेने आले, हे प्रत्येक घरातल्या ज्येष्ठांनी या उत्सवात एका पानावर लिहून काढावे. मोडीतली जुनी पत्रे, सनदा, लग्नाच्या याद्या माळ्यावर असतील तर त्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवावेत. मोडी वाचणारे डोळे आपल्यात आता मोजकेच आहेत. पुण्याहून तासाभरात येणाऱ्या मुलांनी एवढे काम अंगावर घेतले, तर त्या तासाचे चीज होईल.

जुनी वाट मात्र अजून संपलेली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. खर्च सुमारे १८,००० कोटी रुपये. तो पूर्ण झाला की पुणे, दौंड, मनमाड, धुळे, इंदूर हे रेल्वेचे अंतर साधारण सव्वासहाशे किलोमीटर होईल, म्हणजे आजच्यापेक्षा तीनशेहून अधिक किलोमीटर कमी. ती गाडी चौंडीच्या लेकीचे नाव धारण करणाऱ्या अहिल्यानगरवरून निघेल, गोदावरी, तापी आणि नर्मदा ओलांडेल आणि सातपुडा-विंध्य चढून महूला येईल. ज्या वाटेने आपली माणसे महिनाभर चालत आली, जवळजवळ त्याच वाटेने. त्या गाडीत खिडकीशी बसलेल्या नातवाला खाली दिसणारी नदी कोणती आणि आपले कोण ती कधी ओलांडून आले, हे सांगता यावे एवढी तयारी आपण आतापासून करून ठेवू या.

गणपती बाप्पा मोरया!